कापणीच्या सणाचा लिलाव

लिलावात कसं उभं राहायचं ते मी आलापल्लीच्या लाकूड डेपोत शिकलो. आधी ओंडके ओढणारा गाडीवान होतो, मग स्वतः माल घेऊ लागलो. हव्या असलेल्या सागाच्या थप्पीकडे बघायचंच नाही. भलत्याच थप्पीवर काठी आपटत राहायचं आणि बाकीचे दमले की शेवटची बोली आपली. त्या वर्षांत, म्हणजे एकोणीसशे पन्नासनंतर, माझ्याकडून एक आणा जास्त काढणारा माणूस त्या डेपोत नव्हता. मला हरवलं ते माझ्या मायनं, तेही सगळ्या मंडळीसमोर.

माझा बाप आरमोरीकडच्या खेड्यांतून पायी फिरणारा ख्रिस्ती उपदेशक होता. जे मिळे ते वाटेतच कोणाला तरी देऊन यायचा आणि आम्ही पेजेवर झोपायचो. तो तापानं गेल्यावर माय चामोर्शीजवळच्या गावातच राहिली. लोकांचं धान कांडायची, देऊळ झाडायची. देऊळ म्हणजे आमचं कौलारू प्रार्थनाघर. मी कमावता झालो तसा तिला वस्तू पाठवू लागलो. त्यातलं काही तिच्या घरात टिकत नसे. विचारलं की म्हणायची, "लागत होतं कोणाले तरी." बापाचं मी सोडून दिलं होतं. पण माझ्या घामाची एक वस्तू तरी मायनं स्वतःच्या अंगाला लावावी, एवढं मला हवं होतं. हे मागणं जास्त होतं, असं मला आजही वाटत नाही.

एका हिवाळ्यात तिचा खोकला ऐकून मी नागपूरहून लोकरीचं कांबळं आणलं. दुकानदाराला रडकुंडीला आणून आणलं, पण माल अव्वल होता. त्यानंतर थोड्याच दिवसांनी कापणीचा सण आला.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत धान घरी आलं की हा सण होतो. प्रार्थना झाली की प्रत्येक जण नव्या पिकातलं, घरातलं काहीतरी टेबलावर ठेवतो आणि मग अंगणात त्या सगळ्याचा लिलाव होतो, पैसा देवळाच्या कामाला. तिथली रीत उलटी. भाव पाडायचा नसतो, हसत हसत चढवायचा असतो. घेतलेली वस्तू पुन्हा टेबलावर ठेवली तर अजूनच मान, पुन्हा बोली सुरू. भोपळ्याला सागाचा भाव आलेला मी तिथे पाहिला आहे. बोली लावणारे शाळेचे मास्तर होते. एक कोंबडा उंच धरून ते ओरडत होते, "घ्या भाऊ, प्रभूले तीनदा नाकारनाऱ्या चेल्याले रडवलं, तो कोंबडा हा नोहे! याच्यानं कोनाले रडू नाई येनार!" लोक हसत होते. आणि कोंबड्यामागून त्यांनी माझं कांबळं उचललं.

मी मायकडे पाहिलं. ती बायकांत बसली होती, पदर डोक्यावर, अगदी निवांत.

मी दाराशीच उभा राहिलो. बोली चढत गेली, मंदावली, तेव्हा मी एकच आकडा टाकला. त्यापुढे कोणी गेलं नाही. कांबळं घेऊन मी तिच्या खांद्यांवर घातलं. "हे तुह्यं हाय माय. आता राहू दे."

ती उठली, कांबळ्याची घडी केली आणि परत टेबलावर ठेवून आली.

"माय, मी तुह्यासाठी घेतलं न!"

"मले देल्लं न? मंग माह्यं झालं. माह्यं झालं म्हनून तं देऊन राह्यली."

व्यवहारात कोणी असं बोललं असतं तर मी उत्तर शोधलं असतं. इथे मी पुन्हा बोली लावली, पुन्हा तिच्या खांद्यांवर घातलं. ती पुन्हा उठली. मास्तर खुशीत होते. "भाऊ, दम धरा! देवळाची सारी कौलं आज तुमच्याच कांबळ्यात निंघतेत!" अंगणभर हशा पिकला आणि माझं डोकं फिरलं. "भक्ती करून राह्यले का लोकायले लुटून राह्यले?" असं मी देवळात उपदेश करणाऱ्या पाळकसाहेबांच्या तोंडावर म्हणालो आणि बाहेर पडलो. नंतर ते कांबळं एका जंगलकामगाराला गेलं. त्याच्या बोलीवर कोणी बोली चढवली नाही. त्याची बाई बाळंतीण होती.

संध्याकाळी माय चुलीशी बसून भाकरी थापत होती. मी म्हणालो, "पाह्यजे तरी काय तुले?"

"तू पाह्यजे. रविवारी माह्याजवळ देवळात बस."

"आन् खोकला?"

"इथलं इथीच राह्यते रे बापू. मी वर देवाजवळ ठेवून राह्यली. तिथी ना उंदीर, ना कसर."

"वर कांबळं लागत नाई, माय. इथी लागते."

त्यावर ती इतकी हसली की तिला खोकल्याची उबळ आली. मी पाठ चोळायला हात पुढे केला नाही. सकाळी आलापल्लीला निघून गेलो.

तो हिवाळा तिनं फाटक्या गोधडीवर काढला, त्यानंतरचाही काढला. थंडीनं गेली असती तर मला कोणाला तरी बोल लावता आला असता. ती गेली वैशाखात, उन्हाचा ताप चढून. निरोप आला तेव्हा मी लाकडाच्या लॉरीवर बसून निघालो.

घरासमोर मोहाच्या झाडाच्या सावलीत माणसं जमली होती. व्यापाऱ्याला आपला माल ओळखू येतो. एका म्हाताऱ्याच्या हातात माझी छत्री होती. एका पोरीच्या पायात माझ्या चपला होत्या, बोटभर मोठ्या. म्हातारा जवळ आला आणि म्हणाला, "भाऊ, ही छत्री तुमीच देल्ली, असं सांगे तुमची माय." मी त्याला छत्री दिली नव्हती. 

मायला आंघोळ घालणाऱ्या बायका दारात आल्या. नेसवायला बरं लुगडं नव्हतं. पेटीत प्रार्थनेच्या गाण्यांचं जीर्ण पुस्तक होतं, बाकी काही नाही. मी बाजाराकडे निघणार, तेवढ्यात कोळ्यांच्या घरातली एक बाई धावत आली. तिच्या हातात घडी न मोडलेलं लुगडं होतं. "हे मले मायनं देल्लं होतं, लेकीच्या लग्नाले ठेवलं होतं," ती म्हणाली.

त्याचा काठ मी ओळखला. मीच निवडला होता.

तेच मायला नेसवलं. माझी वस्तू शेवटी तिच्या अंगावर गेली, पण ती त्या बाईनं दिलेली होती. मी त्या बाईला म्हणालो, "बदल्यात तुले दुसरं घेऊन देतो." ती रडत होती. ऐकलं की नाही, माहीत नाही.

कबरीपाशी पाळकसाहेबांनी मला पुढे बोलावलं. मंडळीत पहिली मूठ लेकाची असते. मी वाकून माती उचलली. त्या दिवशी माझ्या हातून मायला देण्यासारखं तेवढंच होतं, आणि ते ती दुसऱ्या कोणाला देऊ शकत नव्हती.