वांगी रंगाचा झेंडा

गावाला स्वतःचा झेंडा असावा असं आमच्या गावाला कधी वाटलं नव्हतं. ते सरपंचबाईंच्या मिस्टरांना वाटलं, आणि तेही माझ्या शिलाईच्या दुकानात, ब्लाउजच्या मापाला आलेल्या दोन बायकांसमोर. आमच्याकडे सरपंच बाई आहेत, म्हणजे कागदावर आहेत. सह्या त्या करतात, बाकी सगळं मिस्टर करतात. गावात त्यांना सगळे भाऊ म्हणतात, म्हणून मीही म्हणते.

"वहिनी, महापालिका येतीया," भाऊ म्हणाले. "आज न्हाई उद्या गाव त्येंच्यात जाणार. त्येंचा झेंडा लागायच्या आदी आपला लागाया पायजे."

महापालिकेचा झेंडा कसा असतो, असं मी विचारलं. भाऊंना माहीत नव्हतं. बाहेर टपरीवर चहा पिणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. एकाने छातीठोकपणे सांगितलं की तो लाल असतो आणि त्याने महापालिकेच्या गाडीवर पाहिलाय. जरा खोदून विचारल्यावर कळलं, की गाडीतून सळया बाहेर आल्या होत्या आणि त्यांच्या टोकाला लाल फडकं बांधलेलं होतं.

आमचं गाव माणच्या पलीकडे, आयटीच्या काचेच्या इमारती दिसायला लागतात तिथे. शेती आता कुणी करत नाही. आम्ही खोल्या भाड्याने देतो आणि भाडेकरूंना नावं ठेवतो. तरी झेंड्यावर काय काढायचं हे ठरवायला बसल्यावर सगळ्यांना एकदम भात आठवला. ज्यांनी दहा वर्षांत चिखलात पाय घातला नव्हता, तेच आंबेमोहराची लोंबी हवी म्हणून हट्टाला पेटले. कुणी धरण सुचवलं. धरण तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि माझं माहेर त्याच्याच वर डोंगरात आहे, म्हणून मी म्हटलं, ते आमचं आहे, तुम्ही तुमचं काहीतरी शोधा. त्यावर एकाने लिफ्ट काढा म्हटलं आणि सगळे परत लोंबीवर आले.

खरा घोळ रंगावर झाला. भगवा म्हटलं की एक जण खूश आणि तिघे गप्प. निळा, हिरवा, पिवळा, प्रत्येक रंगावर कुणी ना कुणी आधीच बसलेलं. पांढरा म्हटलं तर शरण गेल्यासारखं दिसेल. शेवटी माझ्या कपाटात अस्तराचा एक तागा पडून होता, वांगी रंगाचा. त्या रंगाचं ब्लाउज यंदा कुणीच शिवायला टाकलं नव्हतं. त्या रंगावर कुणाचाच हक्क नसल्यामुळे तो एकमताने पास झाला. लोंबी मी पिवळ्या दोऱ्याने भरली, ती खराट्यासारखी दिसायला लागली. खाली भाऊंनी छापून आणलेला गोल तुकडा शिवायचा होता. त्यात हात जोडलेले भाऊ होते आणि वर सौजन्य असं लिहिलं होतं.

हे सगळं माझे सासरे कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ऐकत होते. सासऱ्यांना आमच्यात मामा म्हणतात. मामा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, आणि त्यानंतर बावीस वर्षं ग्रामपंचायतीचा झेंडा तेच बांधत आले. सव्वीस जानेवारी, एक मे, पंधरा ऑगस्ट. झेंडा बांधणं म्हणजे आमच्याकडे असं, की तिरंग्याची घडी करायची, आत झेंडूच्या पाकळ्या भरायच्या, भोवती त्याच्याच दोरीचे वेढे घ्यायचे आणि शेवटी सुरगाठ मारायची. ती घडी खांबाच्या टोकाला जाते. सुरगाठ एका हिसक्यात सुटते, झेंडा उघडतो, पाकळ्या सरपंचांच्या डोक्यावर पडतात आणि फोटो निघतो. बावीस वर्षांत मामांची गाठ एकदाही अडली नव्हती. दोर मात्र त्यांनी एकदाही ओढला नव्हता. ते मान असलेल्या माणसाचं काम. आधी ते काम सरपंच करायचे. आता सरपंचबाई दोराला हात लावतात आणि मिस्टर ओढतात.

भाऊंची दोन खांबांची योजना ऐकून मामा स्टुलावरून उठले. "राष्ट्रध्वजाच्या बरुबर दुसरा झेंडा उभा ऱ्हात न्हाई," ते म्हणाले. "नियम हाय."

"मंग आपला एक फूट बुटका ठिवू," भाऊ म्हणाले.

"बुटका ठिवला तरी शेजारी न्हाई."

"फौजी, आपल्याच गावाचा झेंडा हाय की. परका हाय का?"

मामांनी त्यांना पलटणीच्या निशाणाची गोष्ट सांगितली. मी ती पन्नासदा ऐकली आहे, तरी दर वेळी हातातलं मशीन थांबवते. कसम परेडला, म्हणजे शपथ घ्यायच्या संचलनाला, सगळे रंगरूट तिरंग्यासमोर आणि निशाणासमोर उभे राहिले होते. निशाण धरणारा जवान उन्हात कोसळला, तर ते जमिनीला टेकायच्या आत शेजारच्याने झेललं. पडलेल्या जवानाकडे नंतर बघितलं. "निशान कुनाचं काम करत न्हाई," मामा म्हणाले. "आपुन त्याचं काम करायचं." भाऊंनी मान हलवली आणि फोटोचा गोल जरा वर घेता येईल का, असं मला विचारलं.

भाऊंचा मला राग यायचं कारण मात्र वेगळं होतं. एक मेच्या ग्रामसभेत कुणीतरी उठून म्हणालं होतं, की गाव महापालिकेत गेलं की पंचायतीचा झेंडाही संपणार, तेव्हा हा शेवटचा पंधरा ऑगस्ट फौजींच्या हातून होऊ द्या. टाळ्या पडल्या. ठराव लिहिला गेला. मामा घरी आले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटीतून कोट काढून उन्हात टाकला. पदकं चिंचेने घासली. वरच्या वाडीतल्या त्यांच्या बहिणीला निरोप गेला, की त्या दिवशी ये. बावीस वर्षं या माणसाने दुसऱ्याच्या हिसक्यासाठी गाठी मारल्या होत्या. एकदा तरी दोर त्यांच्या हातात यावा, एवढंच मला हवं होतं.

चौदा ऑगस्टला दुपारी भाऊ वांगी झेंडा बघायला आले आणि जाता जाता म्हणाले, "फौजी, उद्या तुमी बांधा, वढायचं आमी बगतो. शेवटचा झेंडा हाय, पेपरवालं येनारेत. पुडं इलेक्शन हाय, समजून घ्या."

"ठीक है," मामा म्हणाले. मन दुखलं की मामा हिंदीत बोलतात.

मी ठरावाची आठवण करून दिली. भाऊ हसले. "वहिनी, ठरावाचं काय, ठराव तर गटाराचा बी झालाय."

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी त्या दिवसापर्यंत फक्त मामांना आणि मला माहीत होती. गेली दोन वर्षं मामांचे हात थरथरत होते. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरायचे आणि थंडी वाजते म्हणायचे, अगदी मे महिन्यातसुद्धा. गाठ त्यांना जमत नव्हती. म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही माजघरात दार लावून बसायचो. ते सांगायचे, मी बांधायची. तयार घडी ताटात ठेवून ते सकाळी एकटेच पंचायतीत जायचे आणि खांबाच्या दोरीला अडकवायचे. हे बाहेर कळता कामा नये, असं त्यांनी मला पहिल्याच वेळी बजावलं होतं. हवालदाराचा हात थरथरतो हे गावाला कळण्यापेक्षा त्यांनी मरण पत्करलं असतं.

त्या संध्याकाळीही मीच बांधली. आधी वांगी, कारण मामांचा नियम बाजूला ठेवून भाऊंनी दुसरा खांब उभा केलाच होता, मग तिरंगा. मामा मधेच पाणी प्यायला आत गेले. मी एकटी होते, हातात दोरी होती आणि डोक्यात भाऊंचं हसणं होतं. तिरंग्याला सुरगाठीच्या जागी मी निरगाठ मारली. एकीवर दुसरी, दात ओठ खाऊन. वरून सुरगाठीचा फास तेवढा दिसायला ठेवला. उद्या ओढा म्हटलं, ओढा आणि पेपरवाल्यांसमोर लोंबकळा. मग फौजी, आता तुम्हीच बघा, असं म्हणावं लागेल. माझा हिशेब एवढाच होता, आणि तो मला फार हुशारीचा वाटला होता.

सकाळी भुरभुर चालू होती. मामा कोट, पदकं आणि ताट घेऊन गेले. मी मागून गेले तेव्हा पंचायतीसमोर शाळेची मुलं रांगेत होती, मामांची बहीण पहिल्या ओळीत खुर्चीवर होती आणि भाऊ फोटोवाल्याला आपली बरी बाजू समजावत होते. सरपंचबाईंनी दोराला हात लावला. भाऊंनी ओढला.

काही झालं नाही. भाऊंनी पुन्हा ओढला. घडी टोकाला हलली आणि तशीच राहिली. पण मुलांना सवय असते, की दोर ओढला की राष्ट्रगीत. त्यांनी सुरू केलं. मग काय, सगळं गाव ताठ उभं, वर बंद गाठोडं, कुणाला हलता येईना. भाऊंच्या हातात दोर, बाईंचा हात त्यावर, आणि शेजारी मामा त्या गाठोड्याला सलामी देऊन उभे. राष्ट्रगीताच्या पहिल्या ओळीपर्यंत मला हसू येत होतं. मग मी मामांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते गेलं.

राष्ट्रगीत संपल्यावर सरपंचबाई हळूच म्हणाल्या, "मी सोडू का आता?" भाऊ त्यांच्यावर खेकसले आणि काहीतरी करून दाखवायचं म्हणून शेजारच्या खांबाचा दोर हिसडला. माझी सुरगाठ लगेच सुटली. वांगी अस्तर मोकळं झालं, खराटा फडकला, भाऊ हात जोडून वाऱ्यावर हलायला लागले आणि सगळ्या पाकळ्या बरोबर त्यांच्या डोक्यावर पडल्या. शेजारी तिरंगा गाठोड्यातच होता. एका पोराने टाळ्या वाजवल्या, शाळेच्या बाईंनी त्याला गप्प केलं.

"फौजी," भाऊ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गाठ तुमची. बावीस वर्सं बांधताय, आन् आजच?"

मी पुढे व्हायला हवं होतं. मी झाले नाही, हे मी कबूल करते.

मामा पुढे आले. त्यांनी घडी खाली उतरवली आणि गाठ एकदा पाहिली. नंतर त्यांनी उजवा हात वर केला, पंजा उघडा, सगळ्या गावाला दिसेल असा. तो थरथरत होता. "दोन वर्सं झाली, हाताचं ह्ये असं हाय," ते म्हणाले. "कुनाला सांगितलं न्हाई. चूक माजी." पहिल्या ओळीत त्यांच्या बहिणीने पदर तोंडाला लावला.

"सूनबाई, हितं ये," मामा म्हणाले. "तेवडी सोड."

ओल्या दोरीतली निरगाठ मी नखांनी सोडवली. नख तुटलं. मामांनी उघडा तिरंगा दोरीला अडकवला आणि दोर भाऊंकडे दिलाच नाही. तेही विसरल्यासारखं करून नाही, सरळ दिला नाही. थरथरत्या हातांनी, एकावर एक हात टाकत, त्यांनी तो टोकापर्यंत चढवला. पाकळ्या नव्हत्या, त्या खाली चिखलात पडल्या होत्या. फोटोही निघाला नाही, कारण फोटोवाला वांगी झेंड्याकडे तोंड करून उभा होता. चढवून झाल्यावर मामांनी बुटका झेंडा उतरवला, नीट घडी घातली आणि भाऊंच्या हातात दिला. कुणी अडवलं नाही.

दुपारी घरी मी सांगितलं. मीच मारली, मुद्दाम मारली, तुम्हाला दोर मिळावा म्हणून मारली. मामा दोन्ही हातांनी कप धरून बसले होते.

"गाठ बगितली तवाच वळखली," ते म्हणाले. "येवडी घट गाठ मारायला माज्या हातात जोर कुटं ऱ्हायलाय."

"मग गावासमोर असं का बोललात?"

"तुजं नाव घेतलं असतं तर गाव काय म्हनलं असतं? भाऊनं झेंड्यावर आपलं काम काढलं, आन् फौजीच्या सुनंनं बी." त्यांनी कप खाली ठेवला. "दोर मिळाला. पन असा नगं हुता मला."

गाव अजून महापालिकेत गेलेलं नाही. भाऊ अजून भाऊच आहेत. वांगी झेंडा पंचायतीच्या कपाटात आहे आणि गणपतीत त्याने मंडपाची एक फट झाकली होती. सव्वीस जानेवारीला तिरंगा मी बांधला, पंचायतीच्या पायरीवर बसून, सगळ्यांसमोर. मामा शेजारी उभे होते आणि गाठ नीट सुटते का, हे त्यांनी मला दोनदा ओढून बघायला लावलं.

दुकानात बायका माप द्यायला आल्या की हळू आवाजात विचारतात, "फौजींच्या हाताचं कसं हाय आता?" आणि मी टेप त्यांच्या खांद्याला लावते आणि सांगते, आहे तसंच आहे.