सुतळीने बांधलेला कचरा

इमारतीत तिला सगळे सूनबाईच म्हणत. सासरे तिसऱ्या मजल्यावरून हाक मारत ती जिन्यातून घुमत तळमजल्यापर्यंत जाई, तेव्हापासून तिचं तेच नाव पडलं. तिच्याहून मोठे म्हणत, लहान म्हणत, दूध टाकणारासुद्धा म्हणे. स्वतःची मुलगी लग्न होऊन परगावी गेली, केसांत चांदी आली, तरी ही आपली अख्ख्या इमारतीची सूनबाई.

काम इस्पितळाच्या धुलाईघरात. यंत्रातून निघालेल्या चादरी झटकायच्या, दोघींनी टोकं धरून घड्या घालायच्या, फडताळात रचायच्या. चादरी संपत नाहीत, कारण माणसांचं आजारपण संपत नाही. सोड्याने तिच्या बोटांची सालपटं निघत. संध्याकाळी जिना चढताना प्रत्येक वळणावर कठड्याला हात टेकून ती देवाचं नाव घेई. भक्ती म्हणा की दम खाणं म्हणा, दोन्ही एकाच श्वासात उरकायचं.

आणि घरी आलं की पुन्हा धुणंच. कपड्यांचं नव्हे, कचऱ्याचं.

जिन्याखाली रंगीत पिंपं आली आणि नियम आला, की खाण्यापिण्याचे पुडे, पिशव्या, डबे, बाटल्या धुऊन, कोरडे करून ज्याच्या त्याच्या पिंपात टाका. ऐकायला सोपं, करून बघावं. दह्याचा डबा धुवायचा, त्याच्या तोंडावरचा चंदेरी कागद वेगळा काढायचा. बिस्किटाच्या पुड्याला वर कागद, आत प्लॅस्टिकचा ट्रे, ट्रेभोवती आणखी एक चकचकीत पिशवी. बिस्किटं मूठभर आणि त्यांचे कपडे टोपलीभर. तेलाच्या बाटलीत गरम पाणी, साबण, पुन्हा गरम पाणी, तरी हात लावावा तर बुळबुळीत ती बुळबुळीतच. दुधाच्या पिशव्या उलट्या करून दोरीवर चिमट्याने टांगायच्या. पाहुण्याला वाटावं, घरात तान्हं बाळ आहे. एवढं करून पिंपात एखादी खरकटी किंवा चुकीची वस्तू निघालीच, तर कचरागाडीवाले पिंपावर लाल पट्टी चिकटवत आणि ते तसंच सोडून जात. मग गाडीची पुढची फेरी येईपर्यंत सगळ्यांनी नाकाला पदर लावून जिना चढायचा.

घरात माणसं दोनच. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवी. महिन्यातून काही दिवस घरी, तेही अर्धे झोपेत. उरले सासरे. सासूबाई गेल्या आणि म्हाताऱ्याने अंथरूण धरलं. दुखणं काही नव्हतं. डॉक्टरांनी छाती तपासली, रक्त तपासलं, सगळं ठीक म्हणाले. पण हा माणूस भिंतीकडे तोंड करून निजे तो निजेच. जेवायला उठवावं तर दोन घास खाऊन पुन्हा भिंत. सूनबाई बोलून बघे, गप्प बसून बघे, देवासमोर दिवा लावताना एकच मागणं मागे, की यांना उठव. माणूस असा दिवसाउजेडी विझत जाताना बघवत नाही.

पिंपं आली तेव्हा स्वयंपाकघरात जागा नव्हती म्हणून धुवायच्या डब्यापिशव्यांचं पोतं तिने सासऱ्यांच्या खाटेशी ठेवलं. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं, नुसती अडचण होती. एका संध्याकाळी दार उघडून बघते, तर पोतं रिकामं आणि मेजावर एक खोका. चहूबाजूंनी ताठ, कोपरे दाबलेले, वरून सुतळी, मधोमध गाठ. सासरे खुर्चीत बसलेले, बाह्या कोपरापर्यंत ओल्या.

"हलवून बघ," ते म्हणाले.

तिने हलवला. आत काही वाजलं नाही.

सासऱ्यांचा उभा जन्म काचसामानाच्या कारखान्यात माल बांधण्यात गेलेला. पेले, बरण्या, दिव्यांच्या चिमण्या त्यांनी बांधून आगबोटीने पाठवल्या आणि तडा गेल्याची तक्रार क्वचितच आली. त्यांचा एकच दंडक होता, की खोका हलवल्यावर वाजला तर तो बांधलाच नाही. तोच हात त्यांनी कचऱ्याला लावला. मोठ्या डब्यात लहान डबा, लहान डब्यात बिस्किटाचा ट्रे, ट्रेच्या खाचांत झाकणं, फटीत दुधाच्या पिशव्यांच्या सुरळ्या, आणि हे सगळं एका खोक्यात ठासून वरून सुतळी. बोटभरसुद्धा जागा वाया नाही.

तिला रडूच आलं, पण ते बरं रडू होतं. त्या दिवशी म्हातारा पोटभर जेवला. वर विचारलं, उद्या दह्याचा मोठा डबा रिकामा होईल का, मापाचा हवाय.

लाल पट्टी लागली ती त्यानंतर. तळमजल्यावर एक मास्तरीणबाई राहत. शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. त्यांनी गाडीवाल्याला हटकलं. तो म्हणाला, एकात एक कोंबलेलं आम्ही घेत नाही, कचरा निवडायच्या सरकत्या पट्ट्यावर एकेक वस्तू सुटी लागते, बांधलेल्या खोक्यात काय भरलंय ते कोण बघत बसणार? मास्तरीणबाईंनी तो सुतळीवाला खोका जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायला लागल्या, हे कोणाचं बाळ?

सूनबाई कामावरून आली तेव्हा खोका तिथेच होता. ती थांबली. वर जाऊन सांगायचं म्हणजे एका वाक्याचं काम. बाबा, असं बांधायचं नसतं. पण ते वाक्य जिना चढता चढता जड होत गेलं आणि तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिने ते गिळलं. आत सासरे खिडकीशी बसून सुतळीचे तुकडे जोडत होते.

तेव्हापासून तिचं चोरटं काम सुरू झालं. गाडी यायची त्या सकाळी ती नेहमीपेक्षा लवकर निघे. जिना तुम्हाला झेपायचा नाही म्हणून सासऱ्यांच्या हातून खोके स्वतः घेई, जिन्याखाली कठड्याआड बसे, पिशवीतली कात्री काढून सुतळी कापे आणि सगळं उलगडत बसे. डब्यातून डबा, त्यातून ट्रे, खाचांतून झाकणं. म्हातारा बांधी तेही असं, की सुटता सुटू नये. घट्ट बसलेला डबा निघेना तेव्हा ती तो गुडघ्यात धरून ओढी. इस्पितळात दिवसभर घड्या घालायच्या आणि इथे घड्या मोडायच्या. कधी एखादा डबा आतून ओला निघे, कारण हल्ली सासऱ्यांना तळाचं दिसत नसे. मग तो नळाखाली धरायचा, पदराने पुसायचा. कामावर पोचायला उशीर होई. मुकादमबाई तोंडाने काही म्हणत नसत, नुसत्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, आणि ते शिवीपेक्षा जास्त लागे.

नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो हसला. म्हणाला, अगं, सांगून टाक की, त्यात काय एवढं. तिने विचारलं, तुम्ही सांगता? त्यावर त्याला पुढे घाट लागला आणि फोनची रेंज गेली.

तिची चिडचिड होई. दही आणणंच बंद करावं, बिस्किटांना आग लावावी असं वाटे. एकदा तर देवासमोर हात जोडून उभी असताना तिच्या मनात आलं, की हा माणूस निजलेला होता तेच बरं होतं. तिने जीभ चावली. डोळे उघडून देवाकडे बघायचं तिचं धाडस झालं नाही.

शेवटी बिंग फोडलं ते मास्तरीणबाईंनी, आणि तेही चांगल्या मनाने. सासरे हल्ली दुपारी तिसऱ्या मजल्यावरच दाराबाहेरच्या बाकावर उन्हात बसत. बाईंनी वर येऊन त्यांना गाठून सुनेचं तोंड भरून कौतुक केलं. तुमची सूनबाई म्हणजे हिरा हो, कामावर जायच्या घाईत बिचारी खाली बसून तुमचा एकेक खोका सोडते, वेगळा करते, पुन्हा धुतेसुद्धा. आजकाल कोण करतं?

 त्या संध्याकाळी जेवून हात धुतल्यावर सासरे एवढंच म्हणाले, की सकाळी मी येतो खाली. तिने जिन्याचं सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं, थंडीचं सांगितलं. ते ऐकून घेऊन अंथरुणावर जाऊन पडले. तोंड कुठल्या बाजूला होतं ते बघायला तिचा धीर झाला नाही.

सकाळी ते तिच्या आधी तयार होते. एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत उतरले. पिंपांशी आल्यावर तिने खोका खाली ठेवला आणि उगाच पदर सारखा करत राहिली.

"चालू दे तुझं," ते म्हणाले. "मी बघतो."

त्यांच्या देखत कात्री काढताना तिला आपण त्यांच्यातलंच काहीतरी कापून काढतोय असं वाटलं. तिने सुतळी कापली. खोका उघडला. मोठा डबा काढला, तो गुडघ्यात धरून आतला ओढला. सासरे तिच्या हातांकडे बघत होते. सालपटं निघालेल्या, कडांनी चिरा पडलेल्या बोटांकडे. वरून कोणीतरी कामाला जायला उतरलं, दोघांना बघून बाजूने निघून गेलं.

"प्रत्येक वेळी असंच?"

"हो."

"मला का सांगितलं नाहीस?"

तिच्याजवळ गोड बोलायचं त्राणच उरलं नव्हतं. थकलेल्या माणसाच्या तोंडून खरं सहज निघतं.

"तुम्ही परत भिंतीकडे तोंड करून निजाल म्हणून," ती म्हणाली. "ते मला बघवत नाही, बाबा. पण हेही आता होत नाही."

 म्हातारा कठड्याला धरून पायरीवर बसला, आणि पुढच्या डब्यातला डबा काढायचा स्वतः प्रयत्न करून बघितला. निघेना. हाताला जोर नव्हता. त्याने तो तिच्याकडे दिला. तिने ओढून काढून परत दिला. त्याने तो पिंपात टाकला. असं ते दोघे करत राहिले, ती ओढायची आणि ते टाकायचे, आणि कामाला उशीर झाला तो झालाच. मध्येच ते म्हणाले, की कारखान्यात माल बांधून पाठवला, पण पलीकडे कोण सोडत असेल हे कधी मनात आलं नाही. वाटायचं, बांधला की झालं. हे ते तिला म्हणाले की पिंपाला, ते तिला कळलं नाही.

वर जाताना त्यांनी तिचा हात घेतला नाही. तिनेही पुढे केला नाही. बसथांब्यावर उभी असताना तिला वाटत होतं, आपण एका म्हाताऱ्या माणसाच्या हातातलं शेवटचं काम काढून घेतलं. दिवसभर चादरींच्या घड्या घालताना टोकं जुळेनात. जोडीदारीण म्हणाली, आज तुझं लक्ष कुठे आहे गं, मुडद्यालासुद्धा सरळ चादर लागते. एरवी सूनबाई हसली असती.

संध्याकाळी जिना तिला दुप्पट वाटला. दाराशी ती चावी हातात धरून थोडी थांबली.  देवा, ती मनात म्हणाली, आणि पुढचं काही सुचलं नाही म्हणून तेवढ्यावरच दार उघडलं.

खाट रिकामी होती. पण घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मेजावर, खुर्च्यांवर, खिडकीच्या कट्ट्यावर, तिच्या अंथरुणावर पसरलेल्या वर्तमानपत्रांवर डबे, झाकणं, ट्रे, बाटल्या पालथे घातलेले, एकेक सुटा, एकाला दुसऱ्याचा स्पर्श नाही. खाटेशी साठलेलं पोतं त्यांनी धुऊन मांडलं होतं. बांधून ठेवायचा तेव्हा जो पसारा एका खोक्यात मावायचा, त्याने आता दोन्ही खोल्या व्यापल्या होत्या. दोरीवरच्या पिशव्यांतून थेंब थेंब पाणी गळत होतं. सासरे स्वयंपाकघरात मोरीशी पाठमोरे बसले होते आणि नळाखाली काहीतरी घासत होते.

 बसायचं कुठे, निजायचं कुठे, हे सगळं आवरायचं कोणी?  तिने एका खुर्चीवरचे डबे उचलून जमिनीवर मांडले आणि चपला न काढताच बसली. पाय ठणकत होते. स्वयंपाक राहिला होता.

सासरे हात पुसत बाहेर आले. त्यांच्या हातात फळांच्या रसाचा रिकामा खोका होता. त्यांनी तो उलटा करून कात्रीने उभा चिरला होता. वरून कागद, आतून चांदीसारखा, तोंडाला प्लॅस्टिकची चिमुकली तोटी.

"हा कशात टाकायचा?"

"मला नाही माहीत, बाबा."

"कागदात?"

"कागदात घेत नाहीत म्हणे."

"मग प्लॅस्टिकात?"

"तिथेही नाही."

त्यांनी तो चष्म्याजवळ नेऊन आतबाहेर बघितला, कारखान्यात काचेला तडा आहे का बघायचे तसा. ती डोळे मिटून मागे टेकली. भूक होती, पण उठवत नव्हतं.

"उद्या मास्तरीणबाईंना विचारतो," सासरे म्हणाले. "उठव मला सकाळी."