एकाच अभंगाच्या कॅसेटी

आमचे हे दर गणपतीत दिल्लीत पहाडगंजच्या मंडळात एकच अभंग गात, आणि मी तो टेप करत असे. हे वारल्यावर मुलाने गुडगावच्या फ्लॅटमध्ये त्या सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरवर चढवल्या, म्हणजे कुठल्याही खोलीत गाणं लावता यावं. त्यासाठी सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं, हे ठरवण्यात त्याचा महिना गेला. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "शेवटच्या वर्षीचं लागलं पाहिजे, बाकी तुझं तू बघ."

एक दिवस तो खुशीत आला. "आई, हे बिल्कुल मस्त आहे. एकच गाणं दहादा असलं तर स्वतःच ओळखतं आणि सगळ्यात साफ असेल ते ठेवतं."

"आणि बाकीची?"

"डिलीट. सेमच तर होती, यार."

"आईला यार म्हणू नकोस. कॅसेटी कुठे आहेत?"

कॅसेटी कबाडीवाल्याने नेल्या होत्या.

शेवटच्या वर्षी यांना दम लागत होता. अभंग मध्येच थांबवून यांनी माझ्याकडे पाणी मागितलं होतं, तेही टेपमध्ये आलं होतं. आता लागतो तो तरुणपणचा खणखणीत आवाज. तेव्हा हे माझ्याशी धड बोलतही नसत. मुलगा घरात असला की मी तो लावते. तो बाहेर पडला की बंद करते.