बॅटरीची तार

दादा फौजेत मोटार हाकून परत आला तो एक सवय घेऊन. इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या भागाला हात लावायचा म्हटलं की आधी बॅटरीची तार काढायची, चावी पटक्याच्या शेवात बांधायची आणि मगच पाना हातात घ्यायचा. मी हसायचो. साहेबानं भ्यायला शिकवलं, असं त्याला तोंडावर म्हणायचो. मी तेव्हा सरकारविरुद्ध पत्रकं लिहीत होतो. जरब मला कुठेही दिसायची.

त्या सकाळी कोरेगावहून सांगलीला सभेची पत्रकं पोचवायची होती. भाड्याची मोटार दादाच हाकायचा. ती चढाला खोकत होती. त्यानं बॅटरीची तार काढली, मग ठिणगीच्या डबीचं टोपण उघडून त्यातली जाड तार मोकळी सोडली. आत पॉइंट असतात, नखाएवढे दोन तुकडे. ते एकमेकांपासून सुटले की ठिणगी उडते. ते काळे पडले होते. रेशनचं पेट्रोल चिंधीवर ओतून तो पुसायला लागला. त्याचे हात ओले, म्हणून चावी मी मागितली आणि त्याच्या पटक्याच्या शेवातून सोडून खिशात घातली.

"ठेव, पुढारी," तो हसत म्हणाला. "खिशातनं काढू नगंस."

मला सभेची घाई होती. तो खाली वाकलेला असताना मी दुसऱ्या बाजूनं बॅटरीची तार परत अडकवली. त्याचं आवरलं की लगेच निघता येईल, एवढाच विचार. मग चावीही फिरवली. त्याला सांगितलं नाही. त्याच क्षणी दादानं पुसताना बोटानं पॉइंट उघडले. मोकळ्या सोडलेल्या जाड तारेतून ठिणगी इंजिनावर उडाली आणि त्याच्या हातातली चिंधी पेटली. पेट्रोल कोपरापर्यंत ओघळलेलं होतं. मी माती टाकली. उशीर झाला होता.

सांगलीच्या दवाखान्यात त्याच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. मी उशाशी बसून पत्रक लिहिलं. लढाईखोर सरकारनं भेसळीचं पेट्रोल गळ्यात मारलं, एका कष्टकऱ्याचे हात जाळले; जबाबदार कोण? चांगलं उतरलं होतं. दादा म्हणाला, वाच. मी आवाज चढवून वाचलं. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा मान डोलवत होता.

दादानं मान माझ्याकडे वळवली.

"लय झ्याक लिवलंस," तो म्हणाला. "फकस्त तार कुणी लावली, ते त्यात न्हाई रं."

त्याला कळलं होतं, पहिल्या दिवसापासून. दवाखान्यात, घरी, कुणापाशी त्यानं अवाक्षर काढलं नव्हतं. मी कागद फाडला, पण तोंड उघडलं नाही. आईनं विचारलं तेव्हाही पेट्रोलच पुढं केलं. जखमा चिघळल्या, ताप चढला, आणि दादा गेला.

तार मी लावली. चावीही मीच फिरवली. हे लिहिलंय, आता आईला वाचून दाखवायचंय.