पळसपापडीची गोळी

मांजराचं पिल्लू हाती आलं की ते त्याला तळव्यावर उताणं धरायचे आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने त्याच्या पोटावर टिचकी मारायचे, कलिंगड वाजवून बघतात तशी. मग मान हलवून म्हणायचे, "ढोलकी झाली गो हिची."

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. लोक त्याला हसतात आणि अडलं की त्याच्याकडेच येतात.

ते शहापूरच्या एका भातगिरणीवर राखणदार होते. त्यांचं गाव म्हशाजवळचं. घरी फक्त भावजय आणि तिचं पोर. माझे सासरे त्याच गिरणीचं इंजिन चालवायचे, म्हणून आमचं बिऱ्हाड आवारातच होतं. मी नवी सून. सासऱ्यांसमोर तोंड उघडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मुळात मला बोलताही फारसं यायचं नाही. त्या आवारात मला "पोरी" म्हणून हाक मारणारे ते एकटेच.

पोत्यांना उंदीर लागू नये म्हणून गिरणीत मांजरी होत्या. पिल्लं मात्र जगायची नाहीत. पाठीची हाडं वर यायची, पोट तेवढं टम्म, आणि दोन महिन्यांची व्हायच्या आत मरायची. पोटात जंत. जंतांचं औषध राखणदारांना येत होतं. पळसाच्या शेंगेतली बी, पळसपापडी, सोलून वाटायची आणि गुंजेएवढी गोळी करायची. पण आधी गूळ. पिल्लाला सकाळी आईपासून तोडायचं आणि गुळाचं पाणी त्याच्या पुढच्या पंजाला चोपडायचं. ते पंजा चाटत बसायचं.

"गुळाला सगळं जंत तोंड लावतात," ते मला सांगायचे. "जमलं की वरून गोळी. येळ चुकली की पांगलं, मंग गोळी फुकट. आणि एकच हां! दुसरी दिली तर जंताच्या आधी पिल्लू जाईल."

दुपारी कोंड्यावर शेवयांसारखे जंत पडायचे. ते काटकीने उलटेपालटे करून बघायचे आणि खूश व्हायचे. सासरे इंजिनाजवळून ओरडायचे, "काय रे वैद्या, जेवलास का न्हाय आज?"

"जेवतो ना. शेवयाच हायेत!"

लोक म्हणायचे, त्यांना हातगुण आहे. सापगावची एक बाई टोपलीत फडकं झाकून पिल्लं आणायची.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्या हिवाळ्यात करड्या मांजरीला चार पिल्लं झाली. पिल्लं चालायला लागली तोवर सगळ्यांची पोटं वाजायला लागली होती. त्यातलं सर्वांत वाळलेलं त्यांनी आधी घेतलं. पंजाला गूळ चोपडला, तेवढ्यात भाताच्या गाड्या आल्या. गोळी माझ्या ओट्यावर ठेवून ते म्हणाले, "पोरी, नजर ठेव. आलोच."

गाड्या संपेनात. पिल्लाने पंजा चाटून कोरडा केला. मला वाटलं, वेळ चुकणार, जंत पांगणार. मी त्याचा जबडा उघडला आणि गोळी जिभेच्या मुळाशी सारली, त्यांना करताना पाहिलं होतं तशीच.

थोड्या वेळाने ते धावत आले. बरोबर सासरे. ओट्यावर गोळी नाही असं पाहून राखणदार म्हणाले, "उंदरानं नेली वाटतं." कनवटीची पुडी काढून त्यांनी दुसरी गोळी वळली. मी दाराआड उभी होते. चार शब्द बोलायचे होते. सासरे पानाची चंची सोडून तिथेच बसले होते. मी दाराची कडी घट्ट धरली आणि गोळी पिल्लाच्या तोंडात जाताना पाहिली.

दुपारी पिल्लाच्या तोंडाला फेस आला. पाय ताठ झाले. ते त्याला मांडीवर घेऊन बसले होते. ऊन उतरायच्या आत ते गेलं.

"गोळी तेवढीच व्हती," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "रोजच्यासारखीच व्हती गो."

दुसऱ्या दिवशी उरलेल्या तिघांची पाळी होती. त्यांनी हात लावला नाही. "माझा हात गेला," म्हणाले. मी पाण्याला जाताना त्यांच्यासमोर थांबले. तोंड उघडलं आणि म्हटलं, "चहा ठेवू का?" ते नको म्हणाले.

तीनही पिल्लं एकामागून एक वाळत मेली. ते रोज त्यांच्याजवळ बसायचे, हात काखेत घालून. सापगावची बाई टोपली घेऊन आली तेव्हाही हात तिथेच होते. "दुसरीकडं ने गो बाय. माझ्या हातात इख भरलंय." ती चिडून म्हणाली, "एवढी लांब आली मी उन्हाची, आणि आता नाय म्हनता?"

पुढे धान्यावर सरकारी बंधनं आली, गिरणी बंद पडली आणि ते गावी गेले.

दोन वर्षांनी म्हशाच्या जत्रेला आमच्या घरचे बैल घ्यायला गेले, तेव्हा मी हट्टाने बरोबर गेले. हट्ट केला असा तो एकदाच. वाटेत गाडीत, त्या दिवशी न बोललेले ते चार शब्द मी मनात कितीदा तरी म्हटले. गर्दीतून विचारत त्यांच्या घरी पोचले. भावजय भात पाखडत होती.

"भावजी पावसात गेलं की," ती म्हणाली. "थंडीताप झाला. चांगलं व्हतं मानूस. पन शेवटी येड्यासारखं करायचं. वासराला हात लावीत नव्हतं, का माझ्या पोराला घेत नव्हतं. हात वाईट हाये म्हनायचं."

तिने सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुमचं काय काम व्हतं त्याच्याकडं?"

"काही नाही," मी म्हटलं. "सहज आले होते."