अण्णांचे पाच रणगाडे

गिरणीच्या वर्कशॉपात दोन गोष्टी साठत जातात, भंगार आणि किस्से. भंगाराचा दरसाल लिलाव होतो. किश्श्यांना गिऱ्हाईक नाही, मग ते आमच्यासारख्यांच्या डोक्यात गंजत पडतात. आज थोडे बाहेर काढतो. हसू आलं तर हसा, पण आधीच सांगून ठेवतो, यात कुणाचं काही भलं झालेलं नाही!

तर भास्करअण्णा. सोलापुरात आमच्या गिरणीत ते इलेक्ट्रिक खात्यात, मी शेजारच्या वर्कशॉपात फिटर. त्यांचा धाकटा भाऊ मारुती एकाहत्तरच्या लढाईत रणगाड्यावर होता. धडधाकट परत आला, मोहोळला शेती बघू लागला, पण लढाईचं नाव काढलं की उठून जायचा. त्याच्या रणगाड्यातून तो एकटाच बाहेर पडला, सोबती आतच राहिले, एवढंच आम्हाला माहीत. पुढे सख्ख्या भावाशीही बोलेना झाला. मग अण्णांनी काय करावं? रणगाडे बांधायला घेतले! भंगारातला पत्रा, सायकलच्या चेन, जीपच्या वायपरची मोटर. रेडिओवर लांबून चालवायची करामत इब्राहिमभाईंची. विजापूर वेशीत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. एकेक रणगाडा असा दांडगा, की उचलायला दोन माणसं लागत.

"मारुती एकदा बघायला आला पाहिजे रे," अण्णा म्हणायचे. "हे चुकलंय, एवढं जरी म्हणाला तरी बास."

मारुती येईना. अण्णा पुढचा रणगाडा करायला घेत.

* * *

तीन झाले होते तेव्हाची गोष्ट. बहात्तरचा दुष्काळ, त्र्याहत्तरचा उन्हाळा. नळाला पाणी कधी येईल नेम नाही. आलं की हंडे, कळशा, परात, हाताला लागेल ते भरायचं. एकदा अण्णा ड्यूटीवरून घरी आले, तर तिन्ही रणगाड्यांचे वरचे बुरूज काढून भिंतीला टेकवलेले आणि आत काठोकाठ पाणी!

सुमनवहिनी पदराला हात पुसत म्हणाल्या, "एक थेंब गळत नाही हो! छान बनवलेत!"

लग्न झाल्यापासून अण्णांच्या हातच्या कामाचं वहिनींनी केलेलं हे पहिलं कौतुक. मोटरी गेल्या, त्या पुढे बदलाव्या लागल्या, पत्र्याला आतून गंज चढला. पण अण्णा रागावणार तरी कसे? त्यातलंच पाणी शेजारच्या बाळंतिणीच्या अंघोळीला गेलं होतं.

* * *

पाच झाल्यावर खरी पंचाईत. घर दोन खोल्यांचं. खाटेखाली मावेनात म्हणून अण्णांनी खाटेला विटा लावल्या. पाचवा जरा उंच निघाला, आणखी विटा. शेवटी खाटेवर चढायला स्टूल लागायला लागलं.

वैरागहून सासूबाई आल्या. एक रात्र जीव मुठीत धरून काढली आणि सकाळी पिशवी उचलली.

"जावयाच्या घरात झोपायचं म्हंजी माळ्यावर चढायचं! पडले तर लोक म्हनतील, म्हातारी लढाईत मेली!"

* * *

आमचा चौथा गडी नरसय्या, गिरणीच्या गोदामावर. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि कुणाला नाही म्हणायची सवय नाही. त्याने चादरींच्या गाठींमागे दोन रणगाडे ठेवून घेतले. झाकायला चादरीच चादरी!

साहेबांचा राउंड निघाला आणि गाठींच्या फटीतून तोफेची नळी बाहेर आलेली. साहेब थबकले. "हे काय?"

नरसय्या घामाघूम. तोंडाला येईल ते बोलला. "सँपल, साहेब."

साहेबांनी नळीवरून बोट फिरवलं, बोट बघितलं आणि पुढं जाताना म्हणाले, "ठीक. रंग मात्र जाता कामा नये!"

आठवडाभर आम्ही हसत होतो. मग ग्रीस गाठींना लागल्याचं उघडकीला आलं. नरसय्याला मेमो मिळाला आणि रणगाडे हातगाडीवरून पुन्हा खाटेखाली आले. काही दिवस नरसय्या आमच्यात चहालाही आला नाही.

* * *

एक रणगाडा इब्राहिमभाईंनी दुकानाच्या दर्शनी काचेत मांडला. बघ्यांची गर्दी व्हायची. अण्णा सुटी झाली की तिथं बाजूला उभे राहून कोण काय म्हणतं ते ऐकायचे. बार्शीचा एक आडत्या बराच वेळ निरखून बघत होता. अण्णांची कळी खुलली. ते पुढं झाले.

"चालतो बरं का!"

"चालंल की, चाकं हायत," आडत्या म्हणाला. "वाजतो का? गानी कुटली कुटली लागत्यात?"

अण्णा दुसऱ्या दिवशी तो रणगाडा घरी घेऊन आले.

* * *

खंडेनवमीला गिरणीत यंत्रांची, हत्यारांची पूजा असते. एका वर्षी अण्णांनी वर्कशॉपात पाचही रणगाडे मांडायची परवानगी काढली. पहिल्यांदाच सगळे एका ओळीत, उघड्यावर! मोहोळच्या ओळखीच्या एसटी कंडक्टरकडून मारुतीला निरोप गेला, ये, चालवून दाखवतो.

हळदकुंकू झालं, झेंडूच्या माळा चढल्या. अण्णांनी कंट्रोल हातात घेतला, तसे आमचे म्हातारे हेडफिटर आडवे आले.

"पूजा झाल्याली हाय. आज हत्याराला हात लावायचा न्हाय!"

झालं! लोक यायचे, रणगाड्यांना नमस्कार करायचे, प्रसाद घेऊन जायचे. त्यात नरसय्याने भक्तिभावाने नारळ फोडला तो नेमका पहिल्या रणगाड्यावर. सगळं पाणी आतल्या रेडिओवर. इब्राहिमभाईंनी बुरूज उचलून बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"लढाई में बच जाता था जी ये, पूजा में मर गया!"

सगळे खो खो हसले. अण्णा हसले नाहीत, ते फाटकाकडे बघत होते. संध्याकाळी कंडक्टर येऊन सांगून गेला, "निरोप दिल्ता. मान हलवली, पर बसमदी बसले न्हाईत." त्या दिवशी मला अण्णांकडे बघवेना.

* * *

अण्णांनी नाद सोडला. रंगाचे पोपडे निघाले, चेनी गंजल्या. पुढे एकदा अण्णा म्हणाले, "रविवारी या. भंगारवाला येणार आहे, उचलू लागा." आम्ही तिघं गेलो. पाचही रणगाडे पुढच्या खोलीत ओढून ठेवले होते, वर गोधड्या टाकलेल्या. मयताच्या घरी बसावं तसे आम्ही चहा पीत बसलो.

तेवढ्यात दारात मारुती. विहिरीवरची मोटर जळली, ती रिवाइंडिंगला टाकायला आलो, म्हणाला. वहिनींनी चहा पुढं केला, तो त्याने खिडकीत ठेवला.

मग त्याने एका रणगाड्यावरची गोधडी बाजूला केली. नळीकडे बघितलं नाही, चेनींकडे बघितलं नाही. बुरूज काढून खाली ठेवला आणि आत कोपरापर्यंत हात घालून चाचपत राहिला. मोटर, बॅटरी, वायरी.

"काय चुकलंय का रे?" अण्णांनी विचारलं.

"आत मानसाला जागाच न्हाय ठेवली."

"अरे, हा रेडिओवर चालतो. लांबूनच. आत माणूस कशाला लागतोय?"

मारुतीने बुरूज उचलून पुन्हा जागेवर नीट बसवला.

"लई बेस केलंस, दादा," तो म्हणाला आणि गोधडी होती तशी त्याच्यावर पांघरली.