गुडघाभर पाण्यातला माणूस

आखातातल्या रास अल खैमाच्या खाडीवर दुपारी हमखास वारा सुटतो. दर शनिवारी त्या वाऱ्यात तो गुडघाभर पाण्यात एकटाच गळ घेऊन उभा दिसायचा. गळाला आमिष म्हणून पिसांची खोटी माशी बांधलेली असायची. वाऱ्याशी तो कधी भांडला नाही. झोत ओसरेपर्यंत पाठ करून थांबायचा, मग वळून दोरी अलगद पाण्यावर टाकायचा.

बर्फातले मासे खाऊन मी कंटाळलो होतो. एका शनिवारी मुद्दाम पिशवी घेऊनच गेलो. त्याला चांगला हातभर मासा लागला. मी पिशवी उघडून पुढे सरसावलो. त्याने पाण्यातच गळ सोडवला, मासा क्षणभर दोन्ही हातांत धरला आणि "यल्ला, जा बाबा" म्हणत सोडून दिला.

"अहो, एवढा मोठा मासा!" मी कळवळून म्हणालो.

तो वसईचा निघाला. जरा ओशाळून म्हणाला, "हॉटेलच्या किचनमध्ये आठवडाभर मासेच कापतो हो. एक तरी पळताना बघू दे."

परतल्यावर बायकोने रिकाम्या पिशवीकडे बघून विचारलं, "मग? मासा कुठाय?"

"घरी गेला," मी म्हणालो.